आंबा घाटातलं ताक

ताक पहिल्याच वळणावर सांडलं.

फुलपात्र मी नेहमीसारखंच धरलं होतं. उजव्या गुडघ्यावर, चिमटीत, काठापासून बोटभर खाली भरलेलं. गाडी आंबा घाट चढत होती. जयवंतराव दाजींनी स्टिअरिंग फिरवलं, गाडीचं लाल नाक वळणात शिरलं, आणि मधेच काहीतरी विसरल्याची आठवण व्हावी तशी ती अडखळली. निम्मं ताक माझ्या मांडीवर आलं.

"सांभाळून घ्या, पाव्हणं," दाजी म्हणाले. "वय झालंय बिचारीचं."

मी विचारलं, गाडीचं की अक्काचं?

"कुणाचंबी म्हणालो तरी आज जेवायला मिळायचं न्हाई," असं म्हणून दाजींनी पुढचं वळण घेतलं आणि उरलेलं ताकही मला दिलं.

हे ताक माझ्या व्यवसायाचा भाग होतं. त्या काळी मी पुण्याच्या एका मासिकात मोटारींवर सदर लिहीत असे. सदराचं नाव 'डावी सीट', कारण मला गाडी चालवता येत नव्हती. संपादकांना हे ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं असं, की चालवणारा सगळा वेळ रस्त्याकडे बघतो, मग तो गाडीबद्दल लिहिणार काय? इतर परीक्षक गाडी वळणावर कशी वागते ते आकड्यांत सांगत. मी फुलपात्रभर ताक घेऊन शेजारी बसत असे आणि शेवटी पँट बघून निकाल देत असे. पाणी वाळून जातं आणि पुरावा उरत नाही. चहाला पुरावा उरतो, पण मांडी उरत नाही. तपकिरी पँटवर ताकाचा डाग मात्र स्पष्ट, पांढरा आणि निःपक्षपाती पडतो. एकदा संपादकांनी माझ्या पँटचा फोटो छापला. त्या अंकाला भरपूर पत्रं आली. बरीचशी ताकात जिरं घालावं की नाही यावर होती.

हेमाक्का माझी मामेबहीण, आणि ही लाल गाडी तिची. दोन सीटांची, जमिनीला चिकटलेली, तिच्यात बसायचं म्हणजे हौदात उतरायचं. मुंबईच्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडून अक्कानं ती मिळवली होती. मिळवली म्हणतो, कारण त्या गृहस्थानं गाडी देण्याआधी स्वतः शेजारी बसून अक्काला ती खंडाळ्यापर्यंत चालवायला लावली, आणि परत आल्यावर कागदांवर सही करताना तो रडला, असं अक्का सांगायची. लग्नाआधी अक्का डोंगरचढाईच्या शर्यतींत जीप हाकायची. लग्नानंतर तिनं दाजींच्या ओतकामाच्या कारखान्याचा सगळा व्यवहार हाकला. ही गाडी तेवढी तिनं स्वतःसाठी केलेली गोष्ट होती. रोज सकाळी ती रंकाळ्याला वळसा घालून शिरोलीच्या कारखान्यात या गाडीनं जायची, शेजारी दाजी. रविवारी घाट. कोल्हापुरात या गाडीला सगळे ओळखत होते. फौंड्रीतले कामगार तिला 'बाईसाहेबांची मिरची' म्हणत.

भांडण लावलं चिरंजीवांनी. ते बंगळुरूला असत आणि रोज रात्री जेवणाच्या वेळेला फोन करत. बाबांची पाठ दुखते, त्यांना त्या हौदातून चढउतार होत नाही, तेव्हा ती गाडी देऊन टाका आणि एखादी मोठी घ्या, असा त्यांचा धोशा होता. मोठी म्हणजे त्यांनी ठरवूनच टाकली होती. जर्मन, काळी, बंगल्याइतकी उंच, आत शर्यतीच्या गाडीचं इंजिन. शोरूमच्या मालकाला जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा नाद होता, त्यामुळे अदलाबदल करायला तो एका पायावर तयार होता.

या सगळ्याला घरातून विरोध होता तो दाजींचा. "माझी पाठ तिचं ती बघून घील," ते फोनवर ओरडायचे. "आईच्या गाडीचं नाव काढायचं न्हाई." मी त्या रविवारी कोल्हापूरला गेलो तेव्हा मटणाच्या पंगतीत हाच विषय चालला होता आणि दाजी लाल गाडीची बाजू इतक्या पोटतिडकीनं मांडत होते, की त्यांचा रस्सा गार झाला.

शेवटी अक्काच वैतागून म्हणाली, "हे बघा, तो हत्ती आहे. सरळ रस्त्यावर पळेल, पण घाटात वळणार नाही. माझ्या गाडीसारखा आंबा घाट चढून दाखवला, तर मी स्वतः किल्ली देईन. नाही दाखवला, तर कुणी मला काही बोलायचं नाही आणि पोरालाही फोनवर हेच सांगा."

अक्का शब्द मोडत नसे. पंच म्हणून माझं नाव तिनंच घेतलं. म्हणाली, ह्याचं ताक कुणाचं ऐकत नाही. राहिला प्रश्न चालवणाऱ्याचा. दोन्ही गाड्यांना चालवणारा एकच हवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. अक्का म्हणाली, मी चालवते. पंच या नात्यानं मी हरकत घेतली. फिर्यादीनंच तराजू धरला तर लोक काय म्हणतील? तेव्हा दाजी हात वर करून म्हणाले, "मी हाय की. आपली गाडी हरली तर मी कोल्हापुरात तोंड दाखवणार न्हाई." अक्कानं त्यांच्या ताटात एक नळी वाढली. ती तिची खुशीची खूण होती.

असे आम्ही मंगळवारी सकाळी दोन गाड्या घेऊन आंब्याला पोचलो. काळ्या गाडीसोबत शोरूमचे हेब्बाळकर म्हणून एक गृहस्थ होते. ताकाचं कळल्यापासून त्यांनी सगळ्या सीटांवर टॉवेल अंथरले होते. घाटमाथ्यावर पत्र्याचं एक हॉटेल होतं. त्याच्या मागच्या अंगणातून खालची वळणं एकाखाली एक दिसत. अक्का आणि हेब्बाळकर तिथे थांबले. दाजींनी मला शेजारी बसवून आधी लाल, मग काळी गाडी साखरप्याच्या बाजूला पायथ्यापर्यंत न्यायची आणि वर आणायची, असं ठरलं.

लाल गाडीची हकीकत सांगितलीच. प्रत्येक वळणावर ती अडखळली. मागचा भाग एकदा किंचित सरकला, तेव्हा दाजींनी "अगं अगं" म्हणून तिला दटावलं. टायर जुने झालेत म्हणाले. पुढची चाकं आता ऐकत नाहीत म्हणाले. मला आश्चर्य वाटत होतं, कारण पुण्याला जाण्यापूर्वी मी या गाडीत कितीदा तरी बसलो होतो आणि तेव्हा ती अशी वागल्याचं आठवत नव्हतं. पण पंचानं आठवणींवर निकाल देऊ नये, असं मी स्वतःला बजावलं आणि पँट पुसली.

मग काळी गाडी. तिच्यात चढावं लागतं. चढल्यावर समोरचं वळण आधीच दिसतं, आणि थोडी मान उंच केली तर कोकणही दिसेल असं वाटतं. मला तिच्याबद्दल फार आशा नव्हती. दहा वर्षं मी या जातीच्या गाड्यांची सदरातून टर उडवत आलो होतो. चाकं लावलेला दिवाणखाना, असं काहीबाही लिहीत आलो होतो. पहिलं वळण आलं. दाजींनी वळणाच्या आधीच वेग उतरवला, स्टिअरिंग एकदाच फिरवलं आणि हळूच पाय दाबला. गाडीचं वजन बाहेर झुकायला निघालं; पण आतल्या यंत्रांनी तिला दंडाला धरून सरळ केलं, एखाद्या भारदस्त पाहुण्याला चौघांनी जिन्यावरून सांभाळून न्यावं तसं. फुलपात्रातलं ताक एका बाजूला कललं, काठापर्यंत आलं, तिथे क्षणभर थांबलं आणि परत गेलं. पुढच्या वळणावरही तेच.

"कसली वळतीय हो," दाजी हळहळत म्हणाले. "अक्काला काय सांगायचं आता?"

वर आलो तेव्हा अक्का अंगणाच्या कठड्याशी उभी होती. हातातल्या चहावर साय आली होती. मी खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिलो. निकाल माझ्या पँटवर होताच, पण तो तोंडानं सांगावा लागतो.

"लाल गाडीत सगळं सांडलं, अक्का," मी म्हणालो. "काळीत काहीच नाही."

दाजींनी दरीकडे तोंड फिरवून रुमाल काढला. अजून एकदा करून बघू या का, असंही ते म्हणाले. हेब्बाळकरांनी माझ्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं. मला त्या क्षणी कुणाकडेच बघवत नव्हतं. लहानपणी या बहिणीनं मला सायकलच्या दांडीवर बसवून सबंध कोल्हापूर दाखवलं होतं, आणि मी तिची गाडी दोन वाक्यांत काढून घेतली होती.

अक्कानं चहा कठड्याबाहेर ओतला. मग मला म्हणाली, "मी एक शेवटची फेरी मारते. तू चल. फुलपात्र भरून घे."

लाल गाडीतून आम्ही खाली उतरलो. पायथ्याला गाडी वळवून ती थांबली आणि मी फुलपात्र नीट धरलंय का ते तिनं बघितलं. मग निघाली. जिथे दाजींनी पहिलं ताक मला दिलं होतं तेच वळण समोरून आलं. अक्कानं सरळ रस्ता असतानाच ब्रेक मारला, सोडला, आणि मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग एवढंसंच वळवलं. गाडी वळली, असं मला म्हणता येणार नाही. डोंगरच आमच्याभोवती फिरला आणि जागेवर जाऊन बसला. सीटखालून रस्ता कळत होता, खडी कुठे आहे, डांबर कुठे गुळगुळीत झालंय, सगळं पाठीला कळत होतं. काळ्या गाडीत वळण घेतलं जात होतं आणि आपण वर बसून ते बघत होतो. इथे वळणात आम्ही होतो. आणि अक्का दाजींपेक्षा हळू जात नव्हती. चांगलीच जोरात जात होती.

दुसऱ्या वळणानंतर मी तोंड उघडलं.

"बोलू नको," ती म्हणाली. "ताकाकडं बघ."

मी ताकाकडं बघितलं. ते फुलपात्रात होतं. तिसऱ्या वळणावरही होतं. मला गाडी चालवता येत नाही, पण गाडी तीच, रस्ता तोच, टायर तेच आणि ताकसुद्धा त्याच हॉटेलातलं, एवढं मला समजत होतं. बदललं होतं ते एकच माणूस.

घाट संपत आला तेव्हा मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"अंगणातून दिसत होतं ना. मागचे लाल दिवे." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "माझ्या गाडीत हे वळणात शिरल्यावर ब्रेक मारत होते. प्रत्येक वळणात. ही गाडी असं केलं की बिथरते, आणि ते ह्यांना माहीत आहे. मीच शिकवलंय. काळ्या गाडीचे दिवे वळणाच्या आधी लागत होते."

मग तेव्हाच का बोलली नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "चूक होत असेल म्हटलं. एका वळणावर होईल, दुसऱ्या वळणावर होईल. शेवटच्या वळणापर्यंत वाट बघितली."

हॉटेलपाशी दाजी बाकावर बसून कांदाभजी खात होते. हेब्बाळकर काळ्या गाडीतले टॉवेल गोळा करत होते. अक्का दाजींच्या समोर जाऊन बसली. मी बाजूला उभा राहिलो, हातात भरलेलं फुलपात्र घेऊन. दाजींनी फुलपात्राकडे बघितलं आणि हातातली भजी परत बशीत ठेवली.

अक्कानं आरडाओरडा केला नाही. तिनं फक्त दिव्यांचं विचारलं. दाजी आधी म्हणाले, कसले दिवे. मग म्हणाले, माझा पाय दुखत होता. मग बशीतली भजी एका बाजूला सारू लागले. पलीकडे एक लाल एसटी घाट चढून आली, हॉटेलपुढं थांबली, माणसं उतरली, चहा प्याली, गेली.

"पाठीचं त्याला तुम्हीच सांगितलंत ना?" अक्का म्हणाली. "पोराला."

दाजींनी होकारार्थी मान हलवली. मला फोनवरचं ते सगळं ओरडणं एकदम आठवलं, आणि गार झालेला रस्सा.

"माझी पाठ चांगली हाय," दाजी म्हणाले. "हेमा, गाडी कुठंबी थांबली की माणसं तुझ्या खिडकीशी येतात. नमस्कार बाईसाहेब, काय म्हणती मिरची. मी डाव्या अंगाला बसलेला. कारखाना माझ्या बापाचा, आणि गेटवरचा वॉचमन मला दुसऱ्या बाजूनं सलाम ठोकतो, तुझा झाल्यावर. त्या दिवशी एका हवालदारानं खिडकीत वाकून विचारलं, तुम्ही कोण."

हे ऐकून हसू यायला हवं होतं. माझा तर तो धंदाच होता. पण दाजी हसवायला सांगत नव्हते.

"मग मला सांगायचं होतं," अक्का म्हणाली. "मी सोडली असती गाडी."

"म्हणूनच न्हाई सांगितलं."

अक्काला हे कळलं नाही. मलाही कळलं नाही. दाजी टेबलाकडे बघत बोलले.

"तू सोडली असतीस. माझ्यासाठी सोडली म्हणून समद्या कोल्हापूरनं तुझं कौतुक केलं असतं. मला ती सोडायला नको होती. मला ती हरायला पायजे होती."

मी ताक पिऊन टाकलं, कारण ते धरून उभं राहणं मला सहन होईना. दाजींनी ताक माझ्या मांडीवर सांडलं होतं आणि निकाल माझ्या तोंडून काढला होता. इतकी वर्षं मी समजत होतो की डाव्या सीटवरून मला सगळं दिसतं. उजव्या सीटवरचे पाय मात्र कधी बघितले नव्हते. माझ्या हळहळण्यात हळहळ मिसळून हा माणूस घाटभर माझ्या शेजारी बसला होता, आणि मी त्याला सज्जन समजून मनातल्या मनात सदराचा शेवट त्याच्यावर लिहीत होतो.

मी म्हणालो, निकाल रद्द. पंच म्हणून मी तो परत घेतो आणि पाहिजे तर मासिकात तसं छापतो.

"नको," अक्का म्हणाली. "मी म्हटलं होतं, ती गाडी माझ्या गाडीसारखी वळली तर किल्ली देईन. वळली ना?"

"दाजींच्या हातात वळली. आणि तुझी त्यांनी मुद्दाम…"

"कळलं मला." तिनं पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिली. "शब्दाचं सोड. तो मी मोडलासुद्धा असता आज. पण त्या गाडीत दोनच सीटा आहेत. दुसरीवर आता कुणाला बसवू?"

दाजींनी तिच्या हाताकडे हात नेला. तिनं हात मागे घेतला नाही, पण तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा तिथेच राहू दिला.

दुपारी आम्ही कोल्हापूरला शोरूममध्ये होतो. अक्कानंच घाई केली. आजचं आज उरकून टाकू म्हणाली. लाल गाडी तिनंच घाटावरून आणली, एकटीनं. मी काळ्या गाडीत दाजींच्या शेजारी होतो. मलकापूरपासून कोल्हापूरपर्यंत मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. शोरूमच्या मालकानं हार, पेढे, नारळ सगळं तयार ठेवलं होतं. लाल गाडीभोवती तो दोनदा फिरला. तिच्या टपावर त्यानं हात ठेवला तेव्हा अक्का भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली. सह्या झाल्या. नव्या किल्लीचा फोटो काढायचा होता, तिथे ती दाजींच्या शेजारी उभीही राहिली आणि फोटोत हसलीही आहे.

मग आम्ही बाहेर आलो. काळी गाडी फाटकाशी तोंड करून उभी होती. दाजी पुढे झाले आणि त्यांनी एक गोष्ट केली, जी त्या दिवसभरातली त्यांची एकमेव चांगली गोष्ट होती. त्यांनी चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं, किल्ली अक्कापुढे धरली आणि बाजूला सरून उभे राहिले.

"तू चालव, हेमा," ते म्हणाले. "मी बसतो की पलीकडं. मला सवय हाय."

अक्कानं उघड्या दाराकडे बघितलं. आतल्या उंच सीटकडे, स्टिअरिंगकडे. माझी खात्री होती की ती चढणार, आणि ताराराणी चौकात पोचेपर्यंत त्या हत्तीला मिरचीसारखं वळायला शिकवणार.

तिनं पदर सावरला, पुढच्या दारावरून चालत गेली, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसली. पर्स शेजारी ठेवली. दार लावून घेतलं.

मी त्या गाडीवर सदरात चार पानं लिहिली, त्यांत इंजिनाची ताकद, वळणावरचा तोल, आतली यंत्रं, सगळं लिहिलं. लाल गाडीपेक्षा तिच्यात खरोखर जास्त काय आहे हे मात्र मी लिहिलं नाही. तिला मागची सीट आहे.

दाजी किल्ली धरून तसेच उभे होते. मग सावकाश वर चढले, आरसा नीट केला आणि त्यात त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी तो परत जरा वर वळवला. मी डावीकडे बसलो. इंजिन सुरू झालं, त्याचा आवाजही आत आला नाही.

"घरी?" दाजींनी पुढे बघत विचारलं.

"हो," मागून आवाज आला. "आणि सावकाश चालवा. मला कुठे घाई नाही."